साठ मीटर पाणी

उजनीच्या फुगवट्यात रोहित पक्षी माणसाला किती जवळ येऊ देतो? होडी ओळखीची असेल, नावाड्यानं इंजिन लांबच बंद केलं असेल आणि होडीत कुणी उभं राहिलं नसेल, तर माझ्या अनुभवात साठ मीटर. थवा बुजलेला असेल तर शंभरच्या आतही नाही. कॅमेरा विकत घेण्याची सुरुवात मी या आकड्यापासून करायला सांगतो. दुकानात गेल्यावर विक्रेता विचारतो, ‘बजेट किती?’ त्याआधी आपण स्वतःला विचारायचं असतं की ज्याचा फोटो काढायचा आहे ते आपल्यापासून किती लांब असणार आहे. इंदापूर तालुक्यात राहणाऱ्या किंवा इथं फोटो काढायला येणाऱ्या माणसासाठी हा प्रश्न जितका खरा आहे तितका फार थोड्या ठिकाणी असेल.

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याचं पाणी मागे सरकत भिगवण, डिकसळ, कुंभारगावपर्यंत पसरलं. गावं गेली, काळीभोर जमीन गेली आणि पाण्याच्या कडेला उथळ चिखलाणी तयार झाली. चिखलातले बारीक जीव गाळून खाणाऱ्या रोहिताला नेमकं तेच लागतं. म्हणून हिवाळ्यात पाणी ओसरायला लागलं की रोहित येतात, आणि धरण उशिरापर्यंत तुडुंब राहिलं तर तेही उशिरा येतात. त्यांच्या जोडीला हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब असतात, चित्रबलाक, चमचे, राखी बगळे, कुरव असतात. कालपर्यंत फक्त जाळं टाकणारे काही मासेमार आज पक्षी दाखवणारे वाटाडे झाले आहेत. पुण्यामुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांच्या गळ्यातले कॅमेरे रोज पाहून त्यांची नजर इतकी तयार झाली आहे की कुणाची लेन्स कुठवर पोचेल हे ते होडीत बसतानाच ओळखतात.

आता थोडं गणित. ते एकदा नीट समजलं की जाहिरातीतले निम्मे शब्द आपोआप गळून पडतात. सेन्सरवर उमटणारी प्रतिमा किती मोठी, हे काढायला वस्तूची उंची लेन्सच्या केंद्रांतरानं (फोकल लेंग्थनं) गुणायची आणि अंतरानं भागायची. मोठा रोहित साधारण १.३ मीटर उंच धरू. अंतर ६० मीटर, लेन्स ३०० मिलिमीटरची. उत्तर येतं साडेसहा मिलिमीटर. एपीएस-सी नावाचा मधला सेन्सर सुमारे १५.६ मिलिमीटर उंच असतो, म्हणजे पक्षी चौकटीची चाळीस टक्के उंची व्यापतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात हे साधारण १६०० पिक्सेल झाले. मानेचा बाक, चोचीचं काळं टोक, डोळ्याचा पिवळा रंग, सगळं दिसतं. हाच पक्षी मोबाइलच्या मुख्य लेन्सनं टिपला तर? त्या लेन्सचं खरं केंद्रांतर सहा-सात मिलिमीटर. प्रतिमा सेन्सरवर जेमतेम ०.१३ मिलिमीटरची उमटते, म्हणजे १२ मेगापिक्सेलच्या फोटोत पक्ष्याच्या वाट्याला पन्नास-साठ पिक्सेल. पाचपट टेलिफोटो लेन्स असलेला महागडा फोन घेतला तरी तीनशेच्या आसपास. मोबाइलचा कॅमेरा वाईट नाही. घरातल्या बारशाला, शेतातल्या पिकावरची कीड कृषी सहायकाला दाखवायला त्याच्यासारखं साधन नाही. पण साठ मीटर पाणी त्याला ओलांडता येत नाही.

मेगापिक्सेलचं आकर्षण मात्र लोकांच्या मनातून जात नाही. पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानं १९७५ मध्ये जोडला. वजन साडेतीन किलोंहून जास्त, चित्रात १०० गुणिले १०० म्हणजे फक्त दहा हजार ठिपके, आणि एक चित्र कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद. तिथून आपण चोवीस, पंचेचाळीस, दोनशे मेगापिक्सेलवर आलो. पण ए-४ कागदावर उत्तम छपाई करायला पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात. खरा फरक सेन्सरच्या आकारानं पडतो. फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, एपीएस-सीचं सुमारे ३६७ आणि छोट्या झूम कॅमेऱ्यांतल्या सेन्सरचं २८. सेन्सर म्हणजे प्रकाश साठवणाऱ्या असंख्य हौदांची रांग. तोंड मोठं असलेल्या हौदात पावसाचं पाणी लवकर साठतं, तसं मोठ्या सेन्सरवर प्रकाश जास्त साठतो. म्हणून तांबडं फुटताना, ज्या वेळी पाण्यावर सगळ्यात सुंदर उजेड असतो, त्या वेळी मोठ्या सेन्सरचा फोटो स्वच्छ येतो आणि लहान सेन्सरच्या फोटोत रवाळ दाणे उमटतात.

मग लहान सेन्सरचे लांब झूमवाले कॅमेरे कशाला घ्यायचे, असं कुणी विचारेल. त्यांची बाजू मांडायला हवी, कारण अनेक पक्षीनिरीक्षकांना तेच योग्य आहेत. निकॉनचा २०१८ सालचा पी-१००० घ्या. त्याची पोच फुल फ्रेमच्या हिशोबात ३००० मिलिमीटरपर्यंत आहे. साठ मीटरवर त्याच्या चौकटीत जेमतेम अर्धा मीटर उंचीचा भाग मावतो, म्हणजे रोहिताचं डोकं आणि मानच. लेन्स बदलायची भानगड नाही, त्यामुळे आत धूळ जाण्याची शक्यताही कमी. पक्षी ओळखणं, पायातल्या कडीवरचा क्रमांक वाचणं, नोंद ठेवणं हा हेतू असेल तर असा कॅमेरा भरपूर काम देतो. उडणारा पक्षी, पहाटेचा उजेड आणि भिंतीवर लावायचा मोठा फोटो हवा असेल तर मात्र बदलत्या लेन्सचा कॅमेरा घ्यावा लागतो. तसं ठरवलं तर माझा आग्रह एकच: निम्म्याहून जास्त पैसे लेन्सवर घाला. कॅमेऱ्याची बॉडी पाच वर्षांत जुनी होते. चांगली लेन्स वीस वर्षं चालते आणि पुढच्या कॅमेऱ्यावरही बसते. नवी भारी बॉडी आणि त्यावर खोक्यातली छोटी लेन्स घेऊन कुंभारगावला आलेल्या मुलांचे हिरमुसले चेहरे मी पाहिले आहेत. त्यांना कुणी वेळेवर सांगितलं असतं तर त्याच पैशांत जुनी बॉडी आणि चारशे मिलिमीटरची लेन्स आली असती.

जुना माल घेण्यात कमीपणा नाही, फक्त तपासून घ्यावा. लेन्सच्या एका टोकाकडून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड पाडून दुसऱ्या टोकाकडून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे, स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. शटर किती वेळा उघडलं हे विचारा आणि पडताळा. साध्या डीएसएलआरचं शटर साधारण लाखभर वेळांसाठी बनवलेलं असतं, आणि लग्नाच्या दोन हंगामांत फिरलेला कॅमेरा त्याच्या बराच जवळ गेलेला असू शकतो. एफ १६ किंवा २२ वर मोकळ्या आभाळाचा फोटो काढून मोठा करून पाहा. काळपट ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ही धूळ साफ होते, ओरखडा जात नाही. नवीन घेताना जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर कॅमेऱ्याचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि खोक्यावर आयातदाराचं नाव व कमाल किरकोळ किंमत छापलेली आहे का ते पाहा. ती नसेल तर माल आडवाटेनं आलेला आहे. अशा मालाला कंपनीची इथली वॉरंटी सहसा मिळत नाही, आणि चार-पाच हजार वाचवलेले पहिल्याच दुरुस्तीत जातात.

होडीत बसल्यावर कॅमेऱ्याचे नियम बदलतात. जमिनीवर ३०० मिलिमीटरची लेन्स हातात धरून एपीएस-सी कॅमेऱ्यात शटरला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. होडीत तेवढ्यावर भागत नाही. होडी डुलते, तुमचा श्वास चालतो, शेजारचा कूस बदलतो. बसलेल्या पक्ष्यालाही किमान सेकंदाचा हजारावा भाग ठेवा आणि उडणाऱ्याला दोन हजारावा. आयएसओ ऑटोवर सोडा. दाणे असलेला पण धारदार फोटो पुढे सुधारता येतो, हललेला फोटो कशानंच सुधारत नाही. तिपाई होडीत आणू नका. इंजिनाचा सगळा थरकाप ती पायांतून कॅमेऱ्यात आणते. कोपरं गुडघ्यांवर टेकवा, पट्टा मनगटाला किंवा मानेत ठेवा आणि नावाड्याला बसायच्या आधीच सांगा, ‘दादा, ऊन पाठीमागं राहील असं घ्या, आणि लांबच बंद करा इंजिन.’ त्यांना ते कळतंच, पण सांगितलं की आपल्यालाही त्यांच्या कामाची कदर आहे हे पोचतं.

पांढऱ्या पक्ष्याचा उजेड मोजताना कॅमेरा फसतो. चौकटीत गडद पाणी जास्त आणि पक्षी लहान असेल तर कॅमेरा पाण्याकडे बघून जास्त प्रकाश घेतो आणि रोहिताच्या अंगावरचं पीस न पीस धुऊन जातं. तेव्हा भरपाई उणे अर्धा ते उणे एक करा. उलट पांढराशुभ्र बगळा चौकट भरून आला तर कॅमेरा त्याला करडा करून टाकतो, तिथं अधिक करा. रॉ प्रकारात फोटो साठवला तर थोडी चूक पोटात घालता येते. पण पूर्ण पांढऱ्या झालेल्या ठिकाणी माहितीच उरत नाही, ती कुठल्याही सॉफ्टवेअरमधून परत येत नाही. अलीकडच्या मिररलेस कॅमेऱ्यांत पक्ष्याचा डोळा आपोआप ओळखून फोकस धरण्याची सोय आहे. माझ्या मते नव्या कॅमेऱ्यावर जास्तीचे पैसे घालायला हे एकच कारण खरं भक्कम आहे.

साठ मीटरचं अंतर पक्ष्यानं ठरवलेलं असतं. रोहित चरताना मान खाली, चोच उलटी पाण्यात असते. होडी जास्त जवळ गेली की आधी एक मान वर होते, मग दहा होतात, मग अख्खा थवा एकाच दिशेला चालू लागतो. त्यानंतरची पायरी म्हणजे उड्डाण. गुलाबी-काळे पंख एकदम उघडतात आणि तो फोटो खरोखर देखणा येतो. म्हणूनच काहीजण नावाड्याला जादा पैसे देऊन थवा उठवायला लावतात. मी हे पाहिलं आहे आणि मला ते सहन होत नाही. पक्ष्यानं दिवसभर चिखल गाळून मिळवलेली ताकद अशा उड्डाणात खर्च होते, आणि रोज दहा होड्या हेच करू लागल्या तर तो पाणवठा सोडून देतो. मान वर झाली की होडी थांबवायची. लांब लेन्स आपण त्यासाठीच घेतलेली असते. चित्रबलाकाच्या बाबतीत तर इंदापूरकरांना होडीचीही गरज नाही. भादलवाडीच्या तलावातल्या बाभळींवर आणि खुद्द इंदापुरातल्या जुन्या कचेरीच्या चिंचांवर ते घरटी करत आले आहेत. पिल्लं घरट्यात असताना मात्र झाडाखाली गर्दी करू नये, फ्लॅश तर अजिबात वापरू नये.

पाण्याकडे पाठ करून कडबनवाडीच्या माळावर गेलं की दुसराच कॅमेरा हवासा वाटतो. तालुक्याचा हा पर्जन्यछायेतला भाग, गवताळ कुरणांचा. इथं चिंकारा आहे, लांडगा आहे, खोकड आणि तरस आहे, गवतात धाविक पळतो, हिवाळ्यात भोवत्या घिरट्या घालतात. वनविभागानं इथं आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. चिंकारा दीडशे-दोनशे मीटरवर उभा राहून बघत असतो, म्हणून लोक सहाशे मिलिमीटरची लेन्स भाड्यानं घेऊन येतात. आणि तरी अकरा वाजता काढलेले त्यांचे फोटो पाण्याखालून काढल्यासारखे येतात. दोष लेन्सचा नसतो. तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते, तिच्या थराथरांची घनता वेगळी असते आणि प्रकाश वाकत-वाकत येतो. ज्या उन्हात मृगजळ दिसतं त्याच उन्हात लेन्सही फसते. उपाय सकाळी नऊच्या आत किंवा सूर्य कलल्यावर, आणि शक्य तितकं जवळून. गाडीतून उतरू नका. माळावरचं जनावर गाडीला सोसतं, पायी माणसाला नाही.

माळावरच्या कच्च्या वाटांवरचा फुफाटा हा इथल्या कॅमेऱ्याचा पहिला शत्रू आहे. त्यात उसाच्या हंगामात पाचट पेटवलेल्या फडांची काजळी वाऱ्यावर येते. हलकी, काळी, बोटानं पुसली की पसरणारी. उघड्यावर लेन्स बदलायची नाही हा नियम इथं कडक पाळावा. बदलावीच लागली तर गाडीच्या काचा वर करून, कॅमेरा बंद करून, त्याचं तोंड खाली धरून. साफ करण्याचा क्रमही लक्षात ठेवा: आधी रबरी फुगा दाबून हवा मारायची, मग मऊ ब्रश, अगदी शेवटी मायक्रोफायबरचं कापड. फुफाट्यात वाळूचे कण असतात. ते न उडवता कापड फिरवलं की काचेवर पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. शर्टाच्या टोकानं किंवा उपरण्यानं पुसू नका. तोंडानं फुंकर मारली तर थुंकीचे शिंतोडे जातात. सेन्सरला फक्त फुग्याची हवा लावा. त्यानंही डाग गेला नाही तर जाणकाराकडे द्या.

बुरशीचं भय कोकणाइतकं इथं नाही, पण आहे. माझी पहिली चांगली लेन्स मी तिच्या चामड्याच्या पिशवीत घालून लोखंडी कपाटात ठेवली आणि जूनपासून दिवाळीपर्यंत उघडली नाही. दिवाळीत पाहिली तर आतल्या काचेवर पांढरं जाळं धरलं होतं. साफ करणाऱ्यानं ते काढलं, पण काचेवरच्या लेपावर त्याचा ठसा कायमचा राहिला. चामडं ओल धरतं, बंद कपाट ती सोडत नाही, आणि हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांवर दीर्घकाळ राहिली की बुरशी वाढते. त्यासाठी महागडं कपाट लागत नाही. घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा, त्यात रंग बदलणारे सिलिका जेलचे खडे आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ एवढं पुरतं. काटा पंचेचाळीस-पन्नासच्या आसपास ठेवा. खड्यांचा रंग बदलला की मंद आचेवर तव्यात किंवा कडक उन्हात सुकवून परत वापरा. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवू नका, त्याची भुकटी फटीत जाते. आणि सर्वात सोपा उपाय म्हणजे कॅमेरा वापरत राहणं. पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा बाहेर काढून उजेडात ठेवलेल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

आषाढात तुकोबांची पालखी बारामतीवरून इंदापूर तालुक्यात येते, आणि वर्षाच्या कुठल्याही दिवसापेक्षा जास्त कॅमेरे या वाटेवर उतरतात. काटेवाडीत परीट समाज पालखीसाठी धोतराच्या पायघड्या घालतो आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढे बेलवाडीत गोल रिंगण, मग निमगाव केतकी, इंदापूर. इथं लांब लेन्स निरुपयोगी. गर्दीत तुमच्यात आणि वारकऱ्यात हातभराचं अंतर असतं, तिथं २४ किंवा ३५ मिलिमीटरची लेन्स हवी, आणि रिंगणात धावणाऱ्या अश्वासाठी कडेला उभं राहून ७०-२०० पुरते. घोड्याच्या टापांनी माती उडते, मधेच सर कोसळते. साधी जाड प्लॅस्टिकची पिशवी घ्या, तळाला लेन्सच्या गोलाएवढं भोक पाडा, रबरबँडनं लेन्सभोवती आवळा. विकतच्या रेनकोटाइतकंच ती काम देते. एसी गाडीतून एकदम दमट हवेत उतरलात तर काचेवर आणि आतही बाष्प धरतं. उतरण्याआधी पंधरा-वीस मिनिटं एसी बंद करा, कॅमेरा बॅगेतच राहू द्या. भंडारा आणि गुलाल उधळला जातो तिथं हीच पिशवी पुन्हा कामी येते. हळदीची भुकटी झूमच्या फिरत्या नळीत शिरली तर आयुष्यभर खरखरते.

आणखी एक धोका गेल्या काही वर्षांत वाढला आहे, तो म्हणजे मिरवणुकीतले लेझर. डीजेच्या भिंतीवरून फिरणारा लेझरचा झोत थेट लेन्समध्ये शिरला तर लेन्स त्याला सेन्सरच्या एका बिंदूवर एकवटते आणि तिथले पिक्सेल क्षणात जळतात. फोटोत कायमची रंगीत रेघ किंवा ठिपका उमटतो, मोबाइलचीही हीच गत होते. माणसाच्या डोळ्याच्या पडद्यालाही यानं इजा होऊ शकते. लेझर सुरू असेल तर कॅमेरा खाली घ्या, लेन्सवर झाकण लावा.

बॅटरी आणि कार्डाबद्दल थोडक्यात सांगतो. जास्तीची बॅटरी कंपनीचीच घ्या. महिनोन्‌महिने वापरायची नसेल तर अर्धी भरून ठेवा. थंडीच्या पहाटे तिची ताकद घटते, म्हणून दुसरी खिशात अंगाच्या उबेत ठेवा. एका मोठ्या कार्डापेक्षा दोन मध्यम बरी. फॉरमॅट कॅमेऱ्यातच करा, आणि चुकून फोटो पुसले गेले तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका, मग ते बहुधा परत मिळवता येतात.

पण फोटो सुरक्षित ठेवणं म्हणजे कार्ड सांभाळणं एवढंच नव्हे. उजनीत पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं मंदिर पुन्हा वर येतं आणि लोक ते पाहायला चिखल तुडवत जातात. तिथं मी एका आजोबांना नातवाला सांगताना ऐकलं, ‘ही आपली गल्ली, इथं वड, तिथं आपला वाडा.’ नातू विचारत होता, ‘फोटो आहे का, आजोबा?’ नव्हता. धरण भरत होतं तेव्हा त्या गावांत कॅमेरा असलेली घरं विरळ होती. आज त्या पोराच्या हातातल्या फोनमध्ये मंदिराचे चाळीस फोटो होते, आणि फोन हरवला किंवा बिघडला तर तेही जातील. म्हणून महत्त्वाचा प्रत्येक फोटो दोन वेगळ्या ठिकाणी हवा: घरातल्या हार्ड डिस्कवर आणि घराबाहेर, नातेवाइकाकडच्या डिस्कवर किंवा क्लाउडवर. फाइलचं नाव कॅमेऱ्यानं दिलेलं ठेवू नका. गाव, तारीख आणि धरणातलं त्या दिवशीचं पाणी किती टक्के होतं, एवढं लिहा. कुंभारगावच्या रोहितांच्या फोटोलाही तेच करा. त्यांच्या येण्याजाण्याचं पाण्याच्या पातळीशी नातं काय, हे उद्या कुणाला तपासायचं असेल तर तुमचा तो फोटो त्याला उपयोगी पडेल.